मोकळ्या आभाळाखालची खाट

१

तुमच्या घरात कोणी पायाळू आहे का? म्हणजे जन्मताना डोक्याआधी ज्याचे पाय बाहेर आले, असं कोणी? असेल तर पावसाळ्यात तुम्ही त्याला जपतच असाल. ढग गडगडले की आत बोलवत असाल, खिडक्या लावत असाल. वीज पायाळूला शोधत येते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. मला त्याच्या पुढचं विचारायचं आहे. आभाळ अगदी मोकळं असतं, चांदण्या दिसत असतात, तेव्हा तुम्ही त्याला कुठे झोपवता?

आमचे हे पायाळू. नाव अमृत. माझ्या सासूबाई होत्या तोवर पहिला गडगडाट झाला की त्या लोखंडी तवा अंगणात फेकायच्या आणि यांना मधल्या खोलीत लाकडी पाटावर बसवून वरून घोंगडी टाकायच्या. माणूस चाळिशीचा, जळगावहून सुरतेला पाइपांचा ट्रक नेणारा, आणि घोंगडीखाली बसलेला. हे हसायचे. "आई, मी ट्रकमध्ये असतो तेव्हा कोण घोंगडी टाकतं?" त्या म्हणायच्या, "तिथे मी नसते ना."

दोन वर्षांपूर्वी तो ट्रक घाटात उलटला. तेव्हा वीज नव्हती, पाऊस नव्हता, भर दुपार होती. यांचं कमरेखालचं अंग गेलं. सासूबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत.

आम्ही दोंडाईच्याला गावाच्या कडेला राहतो. खाली दोन खोल्या आणि मधली एक, मागे अंगण. गच्चीवर एक खोली आहे, ती भाड्याने दिली आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे स्लॅब असा तापतो की रात्रीही भिंतीला हात लावला तर भाकरीच्या तव्यासारखी गरम लागते. म्हणून संध्याकाळी शेजारचे रुपचंदभाऊ येतात आणि आम्ही दोघं यांना खाटेसकट उचलून मागच्या अंगणात नेतो. ते डोक्याकडून धरतात, मी पायाकडून. सकाळी ऊन चढायच्या आत पुन्हा आत. माझी कंबर आता कायमची एका बाजूला वाकली आहे, पण त्याचं काही नाही.

माझा नियम सासूबाईंचाच होता. ढग दिसला की खाट आत. चांदण्या दिसल्या की खाट बाहेर. यात काही चूक आहे, असं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

२

रुपचंदभाऊ मिरचीच्या गोदामात हमाली करतात. पोती उचलून उचलून त्यांच्या कमरेत उसण भरते. पायाळू माणसाने पाठीत लाथ मारली की उसण उतरते, अशी आमच्याकडची रीत आहे. यांच्या चांगल्या दिवसांत लांबलांबून लोक लाथ खायला यायचे. हे सगळ्यांना विचारायचे, "बायकोशी भांडून आलास की पोतं उचलून?" आणि मग मारायचे.

पाय गेल्यावर लोक यायचे थांबले. रुपचंदभाऊ तेवढे थांबले नाहीत. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी खाट अंगणात ठेवली आणि ते तिथेच कमरेला हात लावून उकिडवे बसले.

"वहिनी, भाऊना पाय मनी कंबरले लावा ना जरा."

"अहो, आता त्या पायांत काय आहे?"

"ते माले काय करानं? लात भाऊनी, हात तुमना."

हे खाटेवरून म्हणाले, "लाव गं. फुकट खाट उचलतो बिचारा."

मी यांचा उजवा पाय दोन्ही हातांत घेतला. तो नेहमीसारखाच होता, जड आणि गार, ओल्या चादरीच्या पिळ्यासारखा. हळूच नेऊन मी टाच रुपचंदभाऊंच्या कमरेला टेकवली. ते एकदम पुढे गेले आणि त्यांचे दोन्ही हात जमिनीवर आले.

मागे वळून ते माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, इतलं जोरमां?"

"मी नुसता टेकवला."

त्यांनी यांच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. उठून उभे राहिले, कंबर इकडेतिकडे वळवून बघितली आणि कपड्यांवरची माती झटकली. जाताना दाराशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "पाय जित्ता शे, वहिनी. माले समजनं."

ते गेल्यावर मी यांच्या तळव्याला चिमटा काढला. मग नखाने रेघ ओढली. "काही कळतं का?" हे म्हणाले, "कशाचं?" मी म्हटलं, काही नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवत होतं. अशा पायांना कधीकधी आपोआप झटके येतात, ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. मीही समजले नाही. पण भांडी घासताना मी दोनदा थांबून अंगणाकडे पाहिलं.

३

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी मी चहा घेऊन अंगणात गेले. खाटेशी जाऊन पेला पुढे केला आणि समोर यांचे पाय होते.

उशी घोट्यांखाली होती. डोकं खाटेच्या दुसऱ्या टोकाला, उशीशिवाय, तोंड थोडं उघडं. चादर अंगावर नीट होती. चुरगळलेलीसुद्धा नव्हती.

यांना स्वतः कूस बदलता येत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री मी उठून यांना वळवते. या अंगावरून त्या अंगावर. डोक्याचं पायाकडे करायचं तर दोन माणसं लागतात.

मी पेला खाली ठेवला आणि विचार करत बसले. रुपचंदभाऊंनी मुळातच खाट उलटी ठेवली असेल का? पण डोकं पूर्वेला ठेवतो आम्ही, आणि झोपताना मी यांच्या उशाशी बसून कपाळाला तेल लावलं होतं. माझी पाठ तेव्हा तुळशीकडे होती, म्हणजे सगळं बरोबर होतं. मग मीच झोपेत वळवलं असेल. तसं होतं माझं. दिवसभर बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ऑर्डर असते. ज्वारीचं पीठ घाटायचं, गच्चीवर धोतर अंथरून बिबडे घालायचे, यांचं सगळं करायचं. परवा मी दुधाचं पातेलं कपड्यांच्या बादलीत ठेवलं होतं. जे माणूस असं करतं ते नवऱ्यालाही उलटं झोपवू शकतं.

हे जागे झाले. आभाळाकडे पाहून म्हणाले, "तुळस इकडे कशी आली?"

"तुम्हीच तिकडे गेलात. रात्री काही कळलं का?"

"काही नाही. फार छान झोप लागली." मग म्हणाले, "ट्रक उलटल्यापासून पहिल्यांदा."

यांचा चेहरा खरंच ताजा दिसत होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला इतकं बरं वाटलं की बाकीचं मी तिथेच सोडून दिलं.

४

गच्चीवरच्या खोलीत हुमा राहते. इथल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तिशीची आहे, माहेर धुळ्याला. एप्रिलपासून तिने गच्चीच्या कठड्याला एक कॅमेरा बसवला होता. मी बिबडे वाळत घालायला गेले की ती म्हणायची, "काकू, तुमचे बिबडे आणि माझा कॅमेरा, दोघांनाही ढग नको."

त्या दिवशी बिबडे काढायला गेले तर ती खोलीतून हाक मारत आली. "काकू, सापडलं. या, दाखवते."

लॅपटॉपवर अंधाराचा फोटो होता. खाली आमच्या गल्लीतल्या घरांची टोकं, मग चांदण्या. अगदी तळाशी, पार लांबवर, ढगाची एक फिकट कड. आणि त्या ढगाच्या कितीतरी वर आभाळात काहीतरी तांबडं होतं. वरच्या बाजूला पसरट, आणि तिथून खाली लोंबणाऱ्या बारीक बारीक तांबड्या रेघा. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवर संध्याकाळचं ऊन पडलं की जो रंग दिसतो, तो.

"हे काय गं?"

"वीज खाली पडते ती आपण बघतो. मोठी वीज पडली की त्याच वेळी ढगाच्या वरच्या हवेलाही धक्का बसतो. विमान उडतं त्याच्याही कितीतरी वर. तिथली हवा क्षणभर अशी लाल पेटते. पापणी लवायच्या आत विझूनही जाते. शंभरात एखादाच माणूस कधी डोळ्यांनी बघतो."

"खालून वर जातं का हे, दिवाळीतल्या झाडासारखं?"

"उलटं. वरून सुरू होतं आणि खाली उतरतं."

मी पुन्हा पाहिलं. त्या रेघा मला पायांसारख्या वाटायला लागल्या. खूप सारे पाय, चाचपडत खाली येणारे. मी म्हटलं, "म्हणजे हे पायांनी येतं."

ती हसली. "पायाळू वीज. छान नाव आहे, काकू. मी लिहून ठेवते."

मी हसले नाही. "आपल्यापासून किती लांब आहे हे?"

"बऱ्हाणपूरच्या पुढे. अडीचशे किलोमीटर तरी असेल."

"म्हणजे आपल्या डोक्यावर काही नाही."

"डोक्यावर काही नकोच. वादळ आपल्यावर असलं की ढगच दिसतात, त्याच्या वरचं काही दिसत नाही. वादळ लांब हवं आणि आपल्यावरचं आभाळ मोकळं हवं. तरच आपण त्याच्यासमोर येतो."

फोटो कुठल्या रात्रीचा, ते मी विचारलं. ती म्हणाली, काल रात्रीचाच. मी बिबड्यांचं धोतर गुंडाळलं आणि कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. आमच्या अंगणातली खाट तिथून दिसते. कॅमेऱ्याचं तोंड होतं त्याच बाजूला, पूर्वेला भुसावळकडे, यांचे पाय होते सकाळी.

५

योगायोग असतात. मी स्वतःला तेच सांगितलं. बारावीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, उगाच काहीही जोडत बसू नये एवढं मला कळतं. माणूस फिरायला दोनच बाजू, डोक्याची आणि पायाची. एकदा चुकून फिरला तर त्यात काय.

पुढे चार-पाच दिवस सगळं ठीक होतं. मग एका सकाळी हे खाटेवर आडवे सापडले. पाठ खाटेच्या मधोमध आणि दोन्ही पाय बाजूला, खाटेबाहेर. ते लोंबायला हवे होते, जमिनीला लागायला हवे होते. मी अंगणाच्या दारातून पाहिलं तेव्हा ते सरळ होते, हवेत, फळी ठेवल्यासारखे. मी दोन पावलं टाकली आणि ते खाली पडले. टाचा मातीवर आपटल्याचा आवाज आला.

तो आवाज मी ऐकला. झटके येतात असं डॉक्टर म्हणाले होते, हेही मला लगेच आठवलं.

पाय उत्तरेकडे होते.

मी वर गेले. हुमा परीक्षेचे पेपर तपासत होती. मी म्हटलं, "काल रात्री कुठे वीजबीज झाली का गं?" तिने मोबाइल उघडला. विजा कुठे पडल्या ते दाखवणारा नकाशा असतो त्यात. बोटाने सरकवत म्हणाली, "आपल्याकडे काही नाही, काकू. सातपुड्याच्या पलीकडे, इंदूरच्या बाजूला बरीच झाली दिसते." नकाशावर पिवळे ठिपके होते, डाळ सांडल्यासारखे. मी बोट लावून विचारलं, "ही उत्तर ना?" ती म्हणाली, "हो. का?"

"बिबडे भिजतील म्हणून."

त्या दिवशी दुपारी मी यांना सगळं सांगितलं. लाथ, उलटं झोपणं, फोटो, पिवळे ठिपके. हे शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, हसतील. सासूबाईंना हसायचे तसे.

"मला माहीत आहे," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"रात्री पायांना मुंग्या येतात. आधी तळव्यांना, मग पोटऱ्यांना. तुला सांगितलं नाही. म्हटलं, सांगितलं आणि मग थांबलं तर तुला वाईट वाटेल."

मी यांचा हात धरून बसले. डॉक्टर असंही म्हणाले होते की मुंग्या आल्या तर मात्र कळवा. दोन वर्षं मी या एका शब्दासाठी रोज देवापुढे उभी राहिले होते. आणि आता तो शब्द आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

"आजपासून खाट आतच ठेवू," मी म्हटलं. "पंखा लावते. ओला पडदा टाकते."

"दिपा, पायांना कळायला लागलंय."

"कळायला लागलंय ते काय आहे, ते आपल्याला माहीत नाही."

"मला माहीत करून घ्यायचंय." मग हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू नाही म्हणालीस तर मी काय करणार. उंबऱ्यापर्यंत तरी जाता येतं का मला?"

मी धुळ्याला फोन लावला. डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटणार होते. एक आठवडा आत ठेवावं, असं मी मनाशी ठरवलं. आणि संध्याकाळी रुपचंदभाऊ दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी खाटेचा पायाकडचा भाग उचलला.

मी का उचलला, ते मला सांगता येईल. हे बरे व्हावेत, ही एक गोष्ट. दुसरी अशी की मी फार थकले होते.

६

त्या रात्री हुमा धुळ्याला गेली होती. वरची खोली बंद होती. जेवणं झाली, भांडी झाली. किडे येतात म्हणून मी अंगणातला दिवा मालवला आणि यांच्या उशाशी जमिनीवर बसले. ठरवलं होतं की आज झोपायचं नाही, यांची मनगटं धरून बसायचं. पाय हलले तर मला दिसले पाहिजेत.

आभाळ इतकं स्वच्छ होतं की चांदण्या भिंतीला टेकल्यासारख्या वाटत होत्या. वारा नव्हता. स्टेशनकडून मालगाडी गेली. बराच वेळ तिचे डबे वाजत राहिले आणि मग काहीच वाजेना. गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प होती.

"दिपा, झोपलीस का?"

"नाही."

"मुंग्या आल्या."

मी पायांकडे पाहिलं. चादरीखाली दोन उंचवटे होते, नेहमीसारखे. डोळ्याच्या कोपऱ्यात, पूर्वेला घरांच्या टोकांवर, काहीतरी तांबूस लवलं. दिवा लागून गेल्यासारखं नाही वाटलं. बंद पापणीवर ऊन पडून गेलं की वाटतं, तसं वाटलं. ते खरंच झालं की माझ्या थकलेल्या डोळ्यांत, हे मी ठरवायच्या आत चादर सरकली.

टाचा गादीवरून उठल्या होत्या. थोड्याच. मग हळूच टेकल्या.

"कळलं का तुम्हाला?"

"हो," हे म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

पुन्हा लवलं. या वेळी पाय जास्त उठले. गुडघे वाकले नाहीत. दोन्ही पाय एकत्र, सरळ, कोणी घोट्यांना धरून उचलावे तसे. मी यांची मनगटं घट्ट धरली. नाडी जोरात चालली होती. मी म्हटलं, "अहो, आत जाऊ." चादर पायांवरून घसरून जमिनीवर पडली. तिचा आवाज मला मोठा वाटला.

मग थोडा वेळ काही झालं नाही. मी मनात रामरक्षा म्हणायला लागले आणि तिसऱ्या ओळीला अडले. कुठेही गडगडाट नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मी यांना आत ओढलं असतं. गडगडाट झाला की काय करायचं ते मला माहीत होतं.

खाटेची नवार करकरली. वजन पडलं की ती करकरते, तो आवाज मी रोज ऐकते. हा उलटा होता. वजन निघून गेल्यावर सैल पडते, तसा.

माझे हात वर खेचले गेले. मी गुडघ्यांवर उठले, मग उभी राहिले. अंधारात यांचे हात माझ्या हातांत होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा यांचं वजन माझ्यावर नव्हतं. काहीच नव्हतं. माझी कंबर सरळ झाली. एक क्षण, देवाशपथ एकच क्षण, मला इतकं हलकं वाटलं की माझी बोटं सैल झाली.

तेव्हा पूर्वेला ते लागलं. मोठं. घरांच्या किती वर, ते सांगता येणार नाही, मान मागे टाकावी लागली. तांबडं, वरून खाली उतरणारं, हुमाच्या फोटोतल्यासारखं, पण फोटोत ते थांबलेलं होतं. त्या उजेडात मला हे दिसले.

हे खाटेवर नव्हते. डोकं खाली होतं, केस उशीला जेमतेम लागत होते, आणि तिथून वर सगळं अंग ताठ, पाय आभाळाकडे. पण लोंबकळणाऱ्या माणसाचे पाय जसे सैल असतात, तसे ते नव्हते. तळवे सपाट झाले होते. बोटं पसरली होती. टाच रुतली होती. माणूस जमिनीवर उभा राहतो तेव्हा त्याचे तळवे असे दिसतात.

अंधार झाला. मी दोन्ही हातांनी खाली ओढलं, आणि सगळं वजन एकदम माझ्यावर आलं.

७

यांना चादरीवर घेऊन मी आत ओढत नेलं. कसं नेलं, ते माहीत नाही. उंबऱ्यावर यांचा खांदा घासला, तिथे नंतर हळद लावली. मग मान खाली घालून पुन्हा अंगणात गेले आणि खाटही आत ओढली. ती बाहेर राहू द्यायची नव्हती. मधल्या खोलीत खाट लावली, यांना जेमतेम वर घेतलं, दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसले. आता पंखा चालू होता. खोली तापलेली होती आणि मला थंडी वाजत होती.

हे म्हणाले, "का ओढलंस?"

"पडला असतात."

"मी पडत नव्हतो, दिपा. मी उभा होतो."

मी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"किती दिवसांनी उभा होतो. सगळं वजन पायांवर होतं. तू वरून हात धरून लोंबत होतीस."

मी यांच्याकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात यांचे डोळे उघडे होते आणि ते छताकडे बघत होते, जसं आपण पायाखालच्या फरशीकडे बघतो.

"तिथे काय होतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"गार होतं," हे म्हणाले. "आणि मी एकटा नव्हतो."

एवढंच. मग यांना झोप लागली. मी यांच्या तळव्यांना हात लावला. गार होते, नेहमीचेच. नखाने रेघ ओढली. काही हललं नाही. मला रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं की दुसरं कसलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. यांचे पाय मेलेलेच राहू देत, असं मी तेव्हा देवाला म्हणाले. दोन वर्षं जे मागितलं ते एका रात्रीत परत केलं. यांना मी जन्मभर उचलीन, असंही म्हणाले. मग दाराला टेकूनच कधीतरी माझा डोळा लागला.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती रुपचंदभाऊंच्या आवाजाने. मी दारापाशी नव्हते. मला कोणीतरी उचलून भिंतीशी सतरंजीवर निजवलं होतं आणि डोक्याखाली उशी दिली होती. दाराची कडी निघालेली होती. मी अंगणात गेले. रुपचंदभाऊ कुंपणापलीकडे हात जोडून उभे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दखा वहिनी," ते म्हणत होते, "भाऊ चाली राहिना." हे नळाशी उभे राहून तोंड धूत होते. मग टॉवेलने तोंड पुसत, एक एक पाऊल नीट टेकवत, माझ्याकडे चालत आले आणि म्हणाले, "आता तुला त्रास नाही." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. खाट यांनी एकट्यानेच, रात्रीसाठी आत्ताच, बाहेर काढून अंगणाच्या मधोमध लावून ठेवली होती.